धंदा चालू आहे, पण कशासाठी?

एकट्याच्या जिवावर धंदा सांभाळणाऱ्यांची बरीच पत्रं या महिन्यात आली. त्यांतली चार इथे घेतली आहेत. गिऱ्हाईक कसं वाढवायचं किंवा कर्ज कुठे मिळेल, असं त्यांत कुणीच विचारलेलं नाही. आपण हे नेमकं कशासाठी करतोय आणि पुढे कुठे जायचंय, हा सगळ्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न : मी १२ वर्षांपासून मिरजेत ब्लाउज आणि ड्रेस शिवते. गाळा भाड्याचा आहे, दोन मशिनी आहेत, हातशिलाईला एक मुलगी येते. लग्नसराईत रात्री बारापर्यंत काम चालतं. सगळं वजा जाता महिन्याला १८ हजारांच्या आसपास उरतात. काम भरपूर आहे, तरी हल्ली सकाळी शटर वर करताना वाटतं, हे कशासाठी चाललंय? सगळे म्हणतात, आधी ध्येय ठरव. पण ते ठरवतात कसं?
— शिवणकाम करणारी वाचक, मिरज

उत्तर : ताई, डोळे मिटून विचार केला म्हणून ध्येय सापडत नाही. १२ वर्षांच्या कामात ते कुठेतरी आधीच पडलेलं असतं, फक्त त्याची नोंद झालेली नसते. म्हणून सुरुवात वहीने करा. शंभर पानी वही घ्या आणि चार आठवडे प्रत्येक कामाची एक ओळ लिहा : तारीख, काय शिवलं, कुणासाठी (वय आणि गरज, नाव नको), तुमची स्वतःची किती मिनिटं गेली, सामान किती रुपयांचं लागलं, शिलाई किती मिळाली. शेवटच्या रकान्यात फक्त अधिक किंवा उणे. असंच काम उद्या पुन्हा आलं तर हवंसं वाटेल का, एवढंच त्यात नोंदवायचं. ही खूण काम हातावेगळं होताच करा. रात्री आठवून केलेली खूण दिवसभराच्या थकव्याची असते, त्या कामाची नसते.

मिनिटं मोजताना माप घेणं, कापणं, शिवणं, ट्रायल आणि नंतरची दुरुस्ती, सगळं धरा. ट्रायल आणि दुरुस्ती बहुतेक जणी सोडून देतात आणि तिथेच हिशेब फसतो. नमुन्यादाखल हे आकडे बघा. अस्तराच्या ब्लाउजचे ४५० रुपये, अस्तर-धागा-हुक ७५, तुमचा वेळ अडीच तास. म्हणजे तासाला १५० रुपये. नवरीचा पॅडचा ब्लाउज १,२०० रुपये, सामान २२०, पण दोन ट्रायल धरून साडेसहा तास. म्हणजे तासाला पुन्हा १५०च. आणि तयार कुर्त्याची बाजू आत घ्यायचे ८० रुपये, धागा ५ रुपयांचा, वेळ २० मिनिटं. इथे तासाला २२५ पडले. ज्याला आपण ‘मोठं काम’ म्हणतो ते मोठं असेलच असं नाही, हे पहिल्या दोन आठवड्यांतच दिसायला लागतं.

आता भाडं ४,५००, वीज ९००, मुलीचा पगार ६,०००, तेल-सुया-दुरुस्ती ४०० आणि फोन वगैरे ४००, मिळून १२,२०० रुपये धरू. महिन्याला तुम्ही २०० तास काम करत असाल, तर दर तासाला ६१ रुपये नुसता गाळा चालू ठेवायला जातात. १५० मधून ६१ गेले, उरले ८९. याला २०० तासांनी गुणलं की आकडा तुम्ही पत्रात लिहिलेल्या रकमेच्या जवळच येतो. म्हणजे सगळी मेहनत तासाला ८९ रुपयांवर उभी आहे. सकाळी शटर जड वाटण्यात या आकड्याचा वाटा मोठा असू शकतो. त्याला ध्येयाचा अभाव समजू नका. थकवा, कमी मोबदला आणि दिशा नसणं ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींची औषधंही वेगळी.

चार आठवड्यांनी वही घेऊन बसा. ज्या कामांपुढे अधिक आहे आणि तासाचा पैसाही बरा पडला आहे, त्या ओळींवर हळदीचं बोट लावा. मग ती कामं कुणाची होती ते बघा. कपड्याचा प्रकार बघू नका, माणूस बघा. समजा, खांदा आखडलेल्या आजी, सांधेदुखीने मागचे हुक लावता न येणाऱ्या बायका आणि स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर साधा ब्लाउज घालता न येणाऱ्या बायका अशा ओळी वर आल्या. मिरज दवाखान्यांचं गाव आहे. बाहेरगावाहून उपचारांना आलेल्या बायकांना हे लागतं आणि साध्या दुकानात मिळत नाही. या कामाची नीट रीत आहे. ब्लाउज पुढून उघडणारा हवा, हुकाऐवजी प्रेस बटण किंवा वेल्क्रो. अस्तर मऊ सुती. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूला आतून पॅड बसेल असा खिसा. व्रणावर शिवण येता कामा नये. हाताला सूज येत असेल तर त्या बाजूची बाही सैल ठेवावी लागते, म्हणून दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी घ्यायची, तीही बसवून आणि पडदा लावून. तुमच्या वहीत कदाचित भलतंच काही निघेल, भरतनाट्यमच्या मुलींचे पोशाख किंवा शाळेचे गणवेश. काहीही निघो, ते तुमच्याच कामातून वर आलेलं असेल.

मग एक वाक्य लिहा. त्यात चार गोष्टी हव्यात : कुणासाठी, त्यांची कोणती अडचण, ती तुम्ही कशी सोडवता आणि तुम्ही काय करणार नाही. चौथी गोष्ट बहुतेक जण गाळतात, आणि ती नसली की बाकीच्या तिन्ही नुसत्या शोभेच्या राहतात. उदाहरणार्थ : ‘दुखण्यामुळे नेहमीचा ब्लाउज घालता न येणाऱ्या बायकांना मी पहिल्याच ट्रायलला अंगावर नीट बसेल असा कपडा शिवून देते, रातोरात हवी असलेली कामं घेत नाही.’

वाक्य खरं आहे का, ते तीन प्रकारे पारखता येतं. त्यावर शेजारच्या दुकानाची पाटी लावून बघा. तरी शोभलं, तर ते तुमचं नाही. ‘ग्राहकांचं समाधान हेच आमचं ध्येय’ हे सोनाराला, सलूनला, पंक्चरवाल्याला, सगळ्यांना शोभतं. दुसरं, मागच्या महिन्याची वही काढा आणि या वाक्यामुळे कोणती कामं नाकारावी लागली असती ते शोधा. एकही सापडलं नाही तर वाक्य फार सैल आहे. तिसरं, ते हातशिलाईच्या मुलीला वाचून दाखवा. तुम्ही बाजारात गेलेल्या असताना आलेलं काम घ्यायचं की नाही, हे त्यावरून तिला ठरवता आलं पाहिजे.

हे झालं ध्येय. दृष्टी, म्हणजे पुढे कुठे जायचंय ते, आकड्यांत मांडायची. तीन वर्षांनंतरचा कोणताही एक मंगळवार डोळ्यांसमोर आणा : गाळा किती वाजता उघडला, किती वाजता बंद झाला, दुसऱ्या मशीनवर कोण बसलंय, घरी किती पैसे गेले. घरखर्चाला ३० हजार, म्हातारपणासाठी ३ हजार, नव्या मशीनसाठी २ हजार बाजूला, असे ३५ हजार हवेत आणि काम १६० तासच करायचंय असं धरू. ३५,००० अधिक १२,२०० म्हणजे ४७,२००. भागिले १६०, तासाला २९५ रुपये. आज पडतात १५०. ही दरी नुसता दर वाढवून भरायला गेलात तर गिऱ्हाईक तुटतं आणि नुसता वेग वाढवून भरायला गेलात तर पाठ मोडते. दोन्ही थोडं थोडं करावं लागतं. ३२ ते ४४ मापांचे पुठ्ठ्याचे साचे एकदा कापून ठेवले की प्रत्येक ब्लाउजच्या कापणीतली १०-१५ मिनिटं वाचतात. ट्रायल आठवड्यातून ठरलेल्या दोनच दुपारी ठेवली की मशीनवरून वारंवार उठणं थांबतं. अडीच तासांचा ब्लाउज दोन तासांवर आला तर २९५ चा हिशेब ६६५ रुपयांच्या शिलाईत बसतो. साध्या ब्लाउजला हा दर जास्त वाटेल. पण शस्त्रक्रियेनंतर अंगावर नीट बसणाऱ्या ब्लाउजला तो रास्त आहे. म्हणून ध्येय आणि दर हे प्रश्न वेगवेगळे सोडवू नका.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो बदल एका झटक्यात करण्यात. उद्यापासून पाटी बदलू नका. पहिले ९० दिवस आठवड्यातला एकच वार, समजा बुधवार, ठरवलेल्या कामासाठी राखून ठेवा. लग्नसराईचं काम आत्ताच सोडू नका. नव्या कामातून मिळकतीचा तिसरा हिस्सा यायला लागला की मगच ते कमी करत जा. जुन्या गिऱ्हाइकाला नाही म्हणताना दुसऱ्या चांगल्या शिवणारीचं नाव सांगा, म्हणजे संबंध टिकतो.

एक सरकारी मदतही लक्षात ठेवा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ पारंपरिक व्यवसायांत शिंपीकाम आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. लाभ कुटुंबातल्या एकालाच मिळतो. मात्र वाक्य ठरण्याआधी मशीन घेऊ नका. ओव्हरलॉक (कापडाची कड पक्की करणारं मशीन) घ्यायचं की पिको-भरतकामाचं, हे कोणत्या कामासाठी घेतोय त्यावर ठरतं. ध्येय ठरण्याआधी घेतलेली मशिनी बऱ्याच गाळ्यांत कपड्याखाली झाकलेल्या दिसतात.

आणि वहीतून असंही निघू शकतं की शिवणकाम तुमच्यासाठी फक्त पोटापाण्याचं साधन आहे, जीव मुलीच्या शिक्षणात किंवा भजनी मंडळात आहे. यात कमीपणा काही नाही. मग दृष्टी वेगळी होते : तेवढीच मिळकत कमी तासांत, आणि संध्याकाळी सहाला शटर खाली.

प्रश्न : इंदापूर तालुक्यात वडिलांनी सुरू केलेलं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी वायर भरून द्यायचं दुकान मी चालवतो. वय ३४, दोन कामगार. विहिरी आणि बोअरच्या मोटारी हाच धंदा. आता गावोगाव सौर पंप बसतायत. लोक म्हणतात, हा धंदा पाच वर्षांत संपेल. पुढची दिशा काय ठेवू?
— मोटार दुरुस्ती करणारा वाचक

उत्तर : आधी बदल नेमका किती आणि कसा आहे ते बघा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटाच्या शेतकऱ्याला पंपाच्या किमतीचा १० टक्के हिस्सा भरावा लागतो, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ एच.पी., पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात एच.पी. असे पंप मिळतात. पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादार कंपनीची. दुसरीकडे, साडेसात एच.पी.पर्यंतच्या कृषी पंपांना मोफत वीज देणारी योजना २०२४ पासून पाच वर्षांसाठी, म्हणजे मार्च २०२९ पर्यंत जाहीर झालेली आहे. तेव्हा विजेवरच्या मोटारी एकदम नाहीशा होणार नाहीत. पण नवीन मोटारी तुमच्याकडे येण्याचं प्रमाण घटेल आणि सौर पंप हमी संपल्यावर दुरुस्तीला यायला लागतील. हा मधला काळ कसा काढायचा, हा खरा प्रश्न आहे.

‘आपला धंदा रिवाइंडिंगचा’ असं धरून चाललात तर वाट अरुंद होत जाते. शेतकरी तुमच्याकडे वायर गुंडाळून घ्यायला येत नाही, उसाची किंवा डाळिंबाची पाण्याची पाळी चुकू नये म्हणून येतो. तेव्हा वाक्य असं लिहून बघा : ‘आमच्या १५ गावांतल्या शेतकऱ्याचं पाणी २४ तासांपेक्षा जास्त बंद राहू देणार नाही.’ मोटार विजेची असो की सौर, हे वाक्य उद्याही लागू पडतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सुरुवात बेळगावात सायकलींपासून केली. पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर आले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाने जमिनीत विष भिनतं या समजुतीमुळे नांगर सुरुवातीला खपतच नव्हते. माल बदलत गेला, पण शेतकऱ्याच्या हाताला यंत्र देण्याची दिशा त्यांनी सोडली नाही. तुमच्या तालुक्याच्या मापाची अशी दिशा तुम्हालाही ठरवता येईल.

२४ तासांचं वचन फुकट पाळता येत नाही. त्यासाठी तीन गोष्टी लागतात.

पहिली, बदली मोटार. ३, ५ आणि साडेसात एच.पी.च्या दुरुस्त केलेल्या मोटारी तयार ठेवायच्या. शेतकऱ्याची मोटार दुरुस्तीत असेपर्यंत अनामत आणि रोजचं भाडं घेऊन ती द्यायची. सोबत तिपाई, चेन-पुली आणि केबल हवी, नाहीतर मोटार बोअरमधून काढायलाच दिवस जातो. या भांडवलासाठी सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेचा ५० हजार ते ५ लाखांचा ‘किशोर’ गट पुरतो.

दुसरी, दुरुस्ती टिकली पाहिजे. एक वही ठेवा : मोटार किती एच.पी.ची, कोणत्या गावची, जळण्याचं कारण काय, सहा महिन्यांत परत आली का. परत आलेली प्रत्येक मोटार तुमच्या वाक्याविरुद्धची साक्ष असते. कारणं ठरावीकच असतात. जुनी वायर काढताना स्टेटर (मोटारीचा न फिरणारा, वायर भरलेला भाग) उघड्या जाळावर भाजला तर त्याच्या पत्र्यांमधलं आवरण जळतं, कोअर (त्या पत्र्यांचा गाभा) तापायला लागतो, मोटार जादा करंट ओढते आणि पुन्हा जळते. मूळ वायरची जाडी (गेज) आणि वेढे (आटे) न मोजता हाताशी असलेली वायर भरली तरी तेच होतं. व्हार्निश मारून भट्टीत पुरतं न वाळवता मोटार दिली की ओल आत राहते. पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलला (पाण्याखाली चालणाऱ्या मोटारीला) व्हार्निश नसतंच, तिला प्लास्टिक आवरणाची वायर लागते. तिथे दगा देतो तो केबलचा जॉइंट. बाहेर देण्याआधी प्रत्येक मोटारीचं मेगर वाचन (वायरचं आवरण धड आहे का हे दाखवणारं माप) घ्या आणि बिलावर लिहा. मोटार जळण्याचं कारण शेतात असेल, म्हणजे एक फेज गेलेला, कमी व्होल्टेज किंवा पाणी आटल्यावर कोरडी चाललेली, तर नुसती वायर भरून उपयोग नाही. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटार बंद करणारा) मोटारीच्या करंटप्रमाणे लावलेला आहे का आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारा) चालू आहे का, हे बघायचा दर वेगळा लावा. पुष्कळ ठिकाणी तो प्रिव्हेंटर ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून बायपास करून ठेवलेला सापडतो.

तिसरी गोष्ट म्हणजे खेळतं भांडवल, आणि बहुतेक दुकानांची दृष्टी इथेच संपते. पैसे उसाचं बिल आल्यावर मिळणार, तांब्याची वायर मात्र तुम्ही रोखीने आणता. उन्हाळ्यात ५० मोटारींची उधारी अडकली की वायर आणायला पैसे नसतात आणि २४ तासांचं वचन तिथेच मोडतं. म्हणून वायर आणि बेअरिंगचे पैसे आधी रोख, मजुरी हवी तर बिलावर, असा नियम दुकानात लिहून लावा. शेतकऱ्याला तो पटतो, कारण माल कुणी फुकट देत नाही हे त्यालाही माहीत असतं.

सौर पंपाचं म्हणाल तर हमीच्या काळात कंट्रोलर किंवा मोटार उघडू नका. हमी जाईल आणि दोष तुमच्या माथी येईल. त्याऐवजी तुमच्या भागात पंप बसवणाऱ्या कंपनीकडे स्थानिक दुरुस्तीचं काम मागा. त्यांना गावात पोहोचणारा माणूस हवाच असतो. तुमच्यापैकी एकाने आयटीआयमध्ये किंवा जिल्हा उद्योग केंद्राकडे चौकशी करून सौर तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम यंदाच करावा. हमी संपलेले पंप यायला लागतील तेव्हा शिकायला वेळ मिळणार नाही.

प्रश्न : म्हापशात माझं केक आणि बेकरीचं छोटं दुकान आहे. एका प्रशिक्षण वर्गात मिशन, व्हिजन आणि मूल्यं अशी चार पानं लिहून घेतली. फ्रेम करून लावली. वर्ष झालं, काही फरक नाही. कुठे चुकलं?
— बेकरी व्यावसायिक, म्हापसा

उत्तर : चार पानांवरून सकाळी साडेनऊला निर्णय घेता येत नाही. फ्रेममधून एकच वाक्य निवडा, ज्यात ‘नाही’ आहे असं. ते गिऱ्हाइकाला दिसेल तिथे नको, तुम्ही ऑर्डर लिहून घेता त्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. समजा तुमचं वाक्य ‘अंड्याविना, ताज्या नारळाचे केक, एक दिवस आधी सांगितल्याशिवाय नाही’ असं आहे. मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्धा तास बसून तीन आकडे मोजा : या वाक्यात बसणाऱ्या ऑर्डर किती, न बसणाऱ्या तरी घेतल्या त्या किती, आणि नाकारलेल्या किती. मधला आकडा दर महिन्याला कमी होतोय का, एवढंच बघायचं. तीन महिने तो हललाच नाही, तर वाक्य चुकीचं आहे किंवा तुमचा त्यावर विश्वास नाही. तेव्हा वाक्य बदला, स्वतःला दोष देत बसू नका. बाकीची पानं कपाटात ठेवा.

प्रश्न : मी डोंबिवलीत दिवाळीचा फराळ करते. माझ्यासोबत सहा जणी असतात. वर्षातून जेमतेम ४५ दिवस काम, बाकी वेळ त्या दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करतात. त्यांना वर्षभर काम देता आलं तर बरं, असं वाटतं. मुलाचं म्हणणं, कर्ज काढून कारखाना टाकू, ब्रँड करू. मला तो व्याप नको वाटतो. पण त्याला माझ्याकडे स्वप्नच नाही असं वाटतं. कोण बरोबर?
— फराळ व्यावसायिक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या पत्रात स्वप्न आहे, ते तुम्ही ओघात लिहून गेलात : त्या सहा जणींना बारा महिने काम. मुलाला त्याच्या डोळ्यांसमोरचं चित्र कारखान्याच्या रूपात दिसतं. भांडण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर तीन उत्तरं लिहा : तीन वर्षांनी घरात महिन्याला किती यावेत, किती माणसांना किती दिवस काम मिळावं, आणि जास्तीत जास्त किती कर्ज झोपेचं खोबरं न करता पेलेल. मग कागद समोरासमोर ठेवा. बहुधा वाद आकारावरचा निघतो, हेतू दोघांचाही जवळपास सारखा असतो.

आता तुमच्या स्वप्नाचा आकार काढू. सहा जणी, महिन्याला २० दिवस, रोज ४५० रुपये. मजुरी झाली ५४ हजार. अशा पदार्थांत मजुरी विक्रीच्या पाचव्या हिश्शाएवढी धरली तर महिन्याला २ लाख ७० हजारांची विक्री हवी. किलोला सरासरी ४०० रुपये पडले तर ६७५ किलो, म्हणजे कामाच्या दिवसाला साधारण ३४ किलो. हे घरच्या ओट्यावर होणार नाही, पण त्याला कारखानाही लागत नाही. तीनशे चौरस फुटांचा गाळा, मोठी शेगडी, व्यवसायासाठीचा १९ किलोचा सिलिंडर आणि एक छोटी गिरणी एवढ्यात भागतं. घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरता येत नाही, हे आधीच ध्यानात घ्या.

चकली-करंज्यांवर मात्र बारा महिने काढता येणार नाहीत. दिवाळीबाहेर त्यांना मागणी मंद असते, कुरिअरमध्ये मोडतात, आणि मोठा घाणा एकदम तळायला गेलात की तेलाचं तापमान पडतं, चकली तेल पिते, लवकर खवट होते. घरात दोन किलोला जमलेलं मोहन वीस किलोला तसंच जमेल असं नसतं. त्याऐवजी कोरड्या पिठांकडे बघा : थालीपिठाची भाजणी, उपासाची भाजणी, मेतकूट, सुक्या चटण्या. मोडायचं काही नाही, भाजणं आणि दळणं हे तुमच्या सहा जणींच्या हातातलं काम, आणि एकदा घेणारं घर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा घेतं. इथे सांभाळायचं ते वेगळंच. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण तांदूळ आणि उडीद एकाच वेळी भाजून होत नाहीत. पुरतं गार झाल्याशिवाय दळायचं नाही. दळल्यावर गरम पीठ पिशवीत भरलं तर आत वाफ धरते आणि जाळी लागते. प्रमाण डोळ्याने घेऊ नका, वजनाने लिहून भिंतीवर लावा. तुम्ही आजारी पडलात तरी चव बदलता कामा नये.

मुलाला यातला एक हंगाम द्या : गणपतीनंतर फेब्रुवारीपर्यंत, चार पदार्थ, १०० घरं, पाकिटं आणि विक्री त्याच्याकडे, भाजणं तुमच्याकडे. अन्न परवाना उलाढालीप्रमाणे आधी तपासून घ्या. पाकिटावर परवाना क्रमांक, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं हे छापावं लागतं. महाराष्ट्राबाहेर माल विकायचा झाला तर उलाढाल लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते, तेव्हा पहिला हंगाम राज्यातच ठेवा. फेब्रुवारीत फक्त एक आकडा बघा : १०० घरांपैकी किती घरांनी तिसऱ्यांदा मागवलं. ४० पेक्षा जास्त असतील तर गाळा बघायला लागा. २० च्या आत असतील तर गाळा नको, आधी भाजणीची चव आणि दर तपासा. मधे कुठे असतील तर आणखी एक हंगाम घरूनच काढा, आणि तोवर त्या सहा जणींपैकी दोघींना वर्षभराचं काम देऊन सुरुवात करा.